क्ष मानून चालताना

(साताऱ्यात डॉक्टरांच्या स्मृतिदिनी झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे वैद्यकतज्ज्ञ बोलून गेले. मी डॉक्टर नाही. ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि गेली १४ वर्षं छातीतलं एक दुखणं सोबत घेऊन राहते आहे. संयोजक घरी आले तेव्हा मी म्हटलं, मी पेशंट आहे, मला कशाला बोलावता? ते म्हणाले, डॉक्टर पेशंटचंच तर ऐकायचे. मग मला नाही म्हणता येईना.

दुखण्यापासूनच सुरुवात करते. २०११च्या जानेवारीतली रविवारची सकाळ होती. पोहे-चहा झाल्यावर आम्ही दोघं साताऱ्याच्या टेकडीवरच्या चार भिंतींकडे निघालो. वारं गार होतं. चढावर दुसऱ्या वळणाला पोचलो आणि छातीच्या मधोमध कुणीतरी पाटा आणून ठेवावा तसं झालं. कळ आली असं म्हणता येणार नाही, ओझंच होतं ते. मग डाव्या जबड्यात ठणका सुरू झाला, दाढ दुखावी तसा. मी कडेच्या दगडावर बसले. आमचे हे म्हणाले, "अगं, खाऊन लगेच निघालो, तेच बाधलं." मलाही पटलं. पंधरा-वीस मिनिटांनी ओझं उतरलं. घरी सासूबाईंनी आमसुलाचं सार करून दिलं.

पुढच्या दोन महिन्यांत ते ओझं शाळेच्या जिन्यावर आलं, बाजारातून पिशवी आणताना आलं, एकदा दहावीच्या वर्गात फळ्यासमोर प्रमेय लिहितानाही आलं. ईसीजी काढला, साधा आला. पट्ट्यावर चालवून करतात ती टीएमटी झाली, त्यात काहीतरी दिसलं. मग पुण्यातल्या एका रुग्णालयात अँजिओग्राफी. मनगटातून तार घातली. पडद्यावर माझ्याच हृदयाच्या रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या हलताना मी पाहिल्या. तिथल्या डॉक्टरांनी हसून सांगितलं की नळ्या विशीतल्या मुलीसारख्या स्वच्छ आहेत, टीएमटी बायकांमध्ये कधीकधी चकवते, काही झालेलं नाही, टेन्शन कमी करा. दहा वाक्यंही झाली नसतील. आम्हाला त्या वेळी ती अमृतासारखी वाटली. साताऱ्यात उतरल्या उतरल्या ह्यांनी कंदी पेढे घेतले आणि सगळ्या आळीत वाटायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी मी पेढ्यांचा पुडा हातात घेऊन शेजारच्या वाड्याचा जिना चढत होते. आठव्या पायरीवर पाटा परत आला.

पुडा पायरीवर ठेवून मी भिंतीला टेकले. खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, ती अजून कानात आहे. दुखण्यापेक्षा मला जास्त भीती वाटली ती याची, की आता हे सांगायचं कुणाला? पेढे वाटून झाल्यावर दुखतंय म्हणायची सोय उरत नाही. मी पुडा उचलला, वर गेले, पेढे दिले आणि पुढची तीन वर्षं गप्प बसले.

आज मला बोलायचं आहे ते या गप्प बसण्याबद्दल. रिपोर्ट नॉर्मल येणं आणि माणसाला काही न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ऐकल्यावर आपण सगळेच दुसरी गृहीत धरतो. डॉक्टर धरतात, घरचे धरतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेशंट स्वतःही धरतो. मग दुखतं तेव्हा त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

आपल्या भाषेचाही यात थोडा हात आहे असं मला वाटतं. आपण काळजात धस्स झालं म्हणतो, ऊर भरून आला म्हणतो, छातीवर दगड ठेवून मुलीला निरोप देतो. दुःखाचं घर आपण छातीतच बांधलेलं आहे. त्यामुळे पन्नाशीतली बाई छातीवर दडपण आलंय म्हणाली की ऐकणाऱ्याच्या मनात आधी तिचा संसार येतो. सून नीट वागत नसेल, मुलगा परगावी गेलाय, पाळी जाण्याचं वय आहे. रक्तवाहिनी मनात यायला फार वेळ लागतो.

तीन वर्षांनी मी ज्यांच्याकडे गेले त्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत. गेले होते नातवाचा खोकला दाखवायला. त्याला औषध लिहून झाल्यावर डॉक्टरांनी मला विचारलं, "बाई, जिना चढून आल्यावर तुम्ही दारात का थांबलात?" मी म्हटलं, सवय झाली आहे. ते म्हणाले, "कुठं दुखतं ते सांगू नका. हातानं दाखवा."

मी नकळत मूठ वळून छातीच्या मधल्या हाडावर ठेवली. डॉक्टर त्या मुठीकडे बघत राहिले. सॅम्युअल लेव्हिन या अमेरिकी हृदयतज्ज्ञानं टिपलेली ही खूण आहे हे मला नंतर कळलं. एका बोटानं नेमकी जागा दाखवता आली, दाबल्यावर तिथं दुखलं, तर बहुधा दुखणं बरगडीचं किंवा स्नायूचं असतं. हृदयाच्या दुखण्याला बोट ठेवायला जागा सापडत नाही, म्हणून हात मूठ करतो. ही खूण म्हणजे खात्रीचा पुरावा नाही, डॉक्टरांनीही ते बजावलं होतं. पण त्या मुठीमुळे माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणारा एक माणूस भेटला.

डॉक्टरांना आपल्या बोलीतले शब्द फार प्रिय. पेशंट "दुखतंय" म्हणाला की त्यांचं समाधान व्हायचं नाही. चमक निघते का? उसण भरल्यासारखं होतं का? श्वास घेताना टोचतं की चालताना दाबतं? जळजळ आहे की ठणका? ते म्हणायचे, पाठ्यपुस्तकात पानभर लिहिलेलं असतं ते आमच्या म्हातारीच्या एका शब्दात असतं, फक्त तो शब्द तिच्या तोंडून येईपर्यंत थांबायला हवं. मग त्यांनी खणातून दोनशे पानी वही काढून दिली. रेघा मारून रकाने करा म्हणाले: तारीख, वेळ, काय करत होता, आधी काय खाल्लं, किती मिनिटं, कशानं थांबलं. "तुम्ही गणिताच्या बाई. मला विदा आणून द्या."

डॉक्टर हे ज्याच्याकडून शिकले, त्या माणसाबद्दल थोडं सांगते, कारण त्यांच्या टेबलावर त्याचं नाव बरेचदा निघायचं. विल्यम हेबर्डन. लंडनमधला वैद्य. तोही पेशंटच्या उशाशी बसून टिपणं काढायचा. १७६८ साली त्यानं तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे छातीच्या एका विकारावर निबंध वाचला, तो १७७२ मध्ये छापून आला. चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखं होतं, उभं राहिलं की ओसरतं. अंजायना पेक्टोरिस हे नाव त्यानंच दिलं. त्याच्याकडे ईसीजी नव्हता, स्टेथोस्कोपसुद्धा नव्हता, तो पुढं १८१६ मध्ये आला. नुसतं ऐकून आणि लिहून त्यानं चार भिंतींच्या चढावरची माझी सकाळ अडीचशे वर्षं आधी मांडून ठेवली होती.

निबंध छापून आल्यावर हेबर्डनला एक निनावी पत्र आलं. लिहिणारा म्हणत होता, तुम्ही लिहिलंत ते मला होतं. कधीकधी शरीरातलं सगळं कामच तीन-चार सेकंद थांबल्यासारखं वाटतं. मी अचानक गेलो तर माझं शरीर उघडून बघा, कदाचित कारण सापडेल, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत तो गेला. विच्छेदन केलं जॉन हंटरनं, त्या काळातल्या सगळ्यात निष्णात शल्यविशारदानं. काही सापडलं नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांकडे कुणी नीट पाहिल्याची नोंदच नाही. मी ही हकीकत ऐकली तेव्हा मला वाटलं, जगातला पहिला नॉर्मल रिपोर्ट हाच असावा. पुढं हंटरलाच हा विकार जडला आणि १७९३ मध्ये तो गेला. तेव्हा त्याच्या वाहिन्या कडक झालेल्या सापडल्या. देवीच्या लसीमुळे आपल्याला माहीत असलेला एडवर्ड जेन्नर हा हंटरचा शिष्य. त्याला या वाहिन्यांचा संशय आधीच आला होता, पण गुरूला कळलं तर धसका घेतील म्हणून त्यानं ते उघडपणे मांडलं नाही.

हेबर्डनच्या टिपणांत एक गोष्ट मला सलते. आयुष्यभरात त्यानं या विकाराचे जवळजवळ १०० पेशंट पाहिले. त्यांत बायका किती? तीन. बायकांना तेव्हा हे दुखत नव्हतं असं मी मानत नाही. त्या वैद्यापर्यंत पोचल्या नसतील, आणि पोचल्या असतील तर मूठ दाखवण्याआधीच त्यांना दुसरं काही सांगून परत पाठवलं असेल.

आता गणिताकडे येते. एखादी राशी माहीत नसली की आपण म्हणतो, क्ष मानू. १८९५ मध्ये राँटगेनला ज्या किरणांचं स्वरूप कळेना त्यांना त्यानं हेच नाव दिलं, म्हणून ते क्ष-किरण. १९५८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला मेसन सोन्सनं त्याच किरणांच्या मदतीनं हृदयाच्या वाहिन्यांचं पहिलं नेमकं चित्र घेतलं आणि तेव्हापासून अँजिओ हा छातीदुखीचा शेवटचा निवाडा झाला. पण निवाड्यात न बसणारी माणसं येतच राहिली: दुखणं अगदी हेबर्डनच्या वर्णनातलं आणि चित्र मात्र स्वच्छ. १९७३ मध्ये हार्वे केम्प यांनी अशा पेशंटांवर लिहिताना शब्द वापरला सिंड्रोम एक्स. म्हणजे आपला क्षच. क्ष-किरणांना न दिसलेला क्ष.

डॉक्टरांनी मला हे समजावलं ते पाण्याच्या उदाहरणानं. धरण भरलंय, मुख्य कालवा तुडुंब वाहतोय, त्याचा फोटो सुंदर आलाय. पण शेताच्या कडेच्या चाऱ्या, वाफ्यात जाणारे पाट बुजले असतील तर ऊस वाळणारच. हृदयाच्या मोठ्या वाहिन्या तीन-चार मिलिमीटर रुंद असतात, त्या अँजिओत दिसतात. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्यांचं जाळं हृदयाच्या स्नायूत पसरलेलं असतं, ते दिसत नाही. श्रम वाढले की या बारीक वाहिन्यांनी रुंदावायला हवं. त्यांचं अस्तर बिघडलं असेल तर त्या रुंदावत नाहीत, कधी उलट आवळतात. फोटो स्वच्छ, आणि स्नायू तहानलेला. याला आता बारीक वाहिन्यांचा अंजायना म्हणतात. यात चालणं थांबवल्यावरही दुखणं लगेच ओसरत नाही, बराच वेळ रेंगाळतं, आणि जिभेखालच्या सॉर्बिट्रेटनं प्रत्येकाला उतार पडतोच असं नाही. माझी पंधरा-वीस मिनिटं त्यातलीच.

कधी मोठी वाहिनीच मध्येच आकसते आणि पुन्हा मोकळी होते. हे बहुतेकदा विश्रांतीत, पहाटेच्या वेळी होतं. १९५९ मध्ये प्रिंझमेटल यांनी या प्रकाराचं वर्णन केलं. अँजिओच्या वेळी ती मोकळी असली तर चित्र पुन्हा स्वच्छच येणार.

स्कॉटलंडमध्ये झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्यासारख्या, म्हणजे छातीत दुखतंय पण अडथळा नाही अशा, १५१ जणांच्या वाहिन्यांची जास्तीची चाचणी केली. औषध देऊन वाहिन्या किती रुंदावतात, किती आवळतात हे मोजलं. ७८ जणांत बारीक वाहिन्यांचा दोष निघाला, २५ जणांत आकसण्याचा, ३१ जणांत दोन्ही. काहीच निघालं नाही असे फक्त १७. आणखी एक गोष्ट मला त्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. अर्ध्या लोकांच्या डॉक्टरांना हे निकाल सांगितले आणि त्याप्रमाणे औषधं बदलली, उरलेल्यांच्या डॉक्टरांना सांगितले नाहीत. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं दुखणं स्पष्टपणे कमी झालं होतं, जगणं सुधारलं होतं. औषधं नवी नव्हती. बीटा ब्लॉकर, कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर, हीच आपल्या औषधाच्या दुकानात मिळणारी. पण क्ष काढल्यावर उत्तर जुळलं.

या चाचण्या आपल्याकडे सगळीकडे होत नाहीत. माझं नशीब असं की डॉक्टरांनी माझी वही वाचून, तीन पानी पत्र लिहून मला मुंबईला पाठवलं. तिथं औषध देऊन हृदयाचा एमआरआय काढला. स्नायूच्या आतल्या थराला ताणाच्या वेळी रक्त कमी पडतंय असं दिसलं. २०१७ साल होतं. तो कागद हातात घेऊन मी दवाखान्याच्या बाकड्यावर रडले. आजार सापडल्याचा आनंद कुणाला होतो, असं ह्यांनी विचारलं. मी सहा वर्षं खोटी नव्हते, एवढंच मला त्यांना सांगता आलं.

पण इथं थांबले तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. कारण माझ्या वहीतल्या नोंदींचे दोन ढीग निघाले होते. एक चढाचा, थंडीचा, घाईचा. दुसरा रात्री जेवून आडवं झाल्यावरचा, वाकल्यावरचा, जळजळीचा. हा दुसरा ढीग अन्ननलिकेचा होता. हृदयाकडून आणि अन्ननलिकेकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच ठिकाणी शिरतात, त्यामुळे मेंदूला बोलावणं कुणाचं हे ओळखता येत नाही. सासूबाईंचं आमसुलाचं सारही अर्ध्यावर बरोबर होतंच. छातीच्या हाडाजवळच्या कूर्चेची सूज, रक्त कमी असणं, थायरॉइड, पित्ताशयातले खडे, नागीण उठण्याआधीची आग, अशी कितीतरी कारणं छातीत येऊन दुखतात. एकाच बाईला दोन कारणं असू शकतात, आणि एक सापडलं म्हणून दुसरं गेलं असं होत नाही.

आणि मन. "मनाचं आहे" या शब्दांनी माझ्यासारख्यांना जेवढं दुखावलं तेवढं आजारानंही नसेल. म्हणून मी त्याबद्दल काळजीपूर्वक बोलते. अचानक भीतीचा झटका येऊन छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता आपण मरणार असं वाटतं, हा खरा आजार आहे आणि त्याला खरे उपचार आहेत. ज्याला तो आहे त्यानं त्याची लाज बाळगू नये. पण तो आहे हे शोधून सांगायचं असतं. बाकी काही सापडलं नाही म्हणून उरलेल्या जागेत मन भरायचं नसतं. १९९४ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. वाहिन्या स्वच्छ असूनही छातीत दुखणाऱ्या ६० जणांपैकी काहींना नैराश्यावरच्या इमिप्रमिन या औषधाचा छोटा डोस दिला तेव्हा त्यांच्या दुखण्याचे प्रसंग निम्म्यावर आले. लोकांना वाटेल, बघा, मनाचंच होतं. पण मानसिक तपासणीत ज्यांना काही नव्हतं त्यांनाही तेवढाच गुण आला. वेदना वाहून नेणाऱ्या नसाच काही जणांत हळव्या झालेल्या असतात. तिथं दुखतं ते मोजता येत नाही, म्हणून ते दुखत नाही असं कोण म्हणेल?

आता एक गोष्ट सांगायला जड जाते. आमच्या शाळेत चित्रकलेचे सर होते. ४९ वर्षांचे, काटक, विडी-सिगारेट नाही. एका शनिवारी शाळा सुटताना त्यांना छातीत जड वाटू लागलं. मी समोर होते. ते म्हणाले, "बाई, तुमचंच दुखणं मला लागलं बहुतेक. गॅस आहे." सोडा प्यायले, घाम पुसला आणि स्कूटरला किक मारून घरी गेले. रात्री आठला गेले. मला त्या वेळी स्वतःच्या छातीची सवय झाली होती, त्यामुळे त्यांच्या घामाकडे पाहूनही मी काही बोलले नाही. हे मी इतक्या लोकांसमोर आज पहिल्यांदा सांगते आहे. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचं सरासरी वय ५३ निघालं, बाकीच्या जगात ते सुमारे ५९ होतं. आपल्याकडे पन्नाशीच्या आतलं दुखणं गॅसच्या खात्यात टाकायला जागा नाही.

म्हणून माझ्यासारख्या पेशंटांना हात जोडून सांगते. दुखणं ओळखीचं असलं तरी त्याचा चेहरा बदलला तर थांबू नका. बसूनही पाच-दहा मिनिटांत उतार नाही, गार घाम आलाय, धाप लागलीय, हातात किंवा जबड्यात जातंय, आधीपेक्षा कमी श्रमानं येतंय, तर १०८ला फोन करा. स्वतः स्कूटर चालवत जाऊ नका. पहिला ईसीजी साधा आला तर त्यावर घरी येऊ नका, काही तासांनी तो पुन्हा काढायला आणि रक्तातलं ट्रोपोनिन बघायला सांगा. आणि जुन्या अँजिओचा "नॉर्मल" कागद ढाल म्हणून पुढं करू नका, तो त्या दिवसापुरता होता. बारीक वाहिन्यांच्या आजारालाही धोका आहेच, त्यामुळे रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांची पथ्यं सगळी तीच.

घरच्यांना सांगते, रोज "आता कसं वाटतंय" असं विचारू नका. त्यानं माणूस दिवसभर स्वतःच्या छातीवर कान लावून बसतो. आमच्या सुनेनं एक पद्धत काढली. ती विचारते, "वहीत काही?" मी म्हणते, दोन ओळी, किंवा काही नाही. तेवढ्यात सगळं कळतं आणि आम्ही भाजीकडे वळतो.

मी बरी झाले का? नाही. औषधांनी पहिला ढीग निम्मा झाला, दुसरा बराच कमी झाला. तरी वहीत अशा नोंदी येतात ज्या कुठल्याच ढिगात बसत नाहीत. डॉक्टर असताना त्यांना मी त्या दाखवायची. ते चष्मा कपाळावर सरकवून वाचायचे आणि समासात पेन्सिलीनं छोटा क्ष काढायचे. "हे मला समजलं नाही, बाई. पण लिहिलंत ते बरं केलंत." २०१९ मध्ये ते गेले तेव्हा माझी चौथी वही चालू होती. आज सातवी आहे. चार भिंतींचा चढ मी आता रोज चढते, दुपारची उन्हं कलल्यावर, रिकाम्या पोटी, मफलर बांधून. दुसऱ्या वळणावरच्या त्याच दगडावर बसते. मुलंमुली धावत वर जातात, ओळखीची असतील तर "बाई, बरं आहे ना?" म्हणतात.

मला अर्धा तास उभं राहून बोलायचं होतं, थोडा वेळ जास्त झाला. आता जबड्यात किंचित ठणका जाणवतोय, ओळखीचाच आहे, घाबरू नका. सात वाजून दहा मिनिटं. एवढं वहीत लिहिते आणि तुमचे प्रश्न बसून घेते.